अष्टमीचा कागद

धारकोंडच्या किल्ल्यावर विजयादशमीची पहाट उजाडली ती दाट धुक्यातून. खालच्या खोऱ्यातली भाताची खाचरे अजून दिसत नव्हती, नदीचा नुसता आवाज वर येत होता. आणि तरीही नगारखान्यात चौघडा सुरू झाला होता, पागेत घोड्यांच्या गळ्यांत झेंडूच्या माळा पडत होत्या, आणि सदरेच्या ओसरीवर चिटणीस राघो अनंत नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी येऊन, दौत-लेखणीला हळदकुंकू वाहून, हात जोडून बसले होते. छत्तीस वर्षे या माणसाने धारकोंडचे दफ्तर सांभाळले होते. त्यांच्या हातचा कागद म्हटला की सातही परगण्यांत कोणी दुसरा पुरावा मागत नसे, आणि या गोष्टीचा त्यांना, बाहेरून न दाखवता, चांगलाच अभिमान होता.

या डोंगरी मुलखाला राजा नव्हता. सात परगण्यांचे सात देशमुख दर पाच वर्षांनी, दसऱ्यानंतरच्या द्वादशीस गडावर जमत आणि एकाच्या हाती शिक्के-कट्यार देत; तो सरनाईक. गेली पाच वर्षे हा मान रायाजीरावांकडे होता. माणूस पराक्रमी, बोलण्यात गोड, कारभारात तरबेज. पण जन्माचा संशयी. येत्या द्वादशीस शिक्के-कट्यार पुन्हा त्यांच्याच हाती पडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, कारण सातांपैकी पाच देशमुख त्यांच्या बाजूचे होते. ठाऊक नव्हते ते एकट्या रायाजीरावांना. प्रतिस्पर्धी खेमजी देशमुख आपल्याविरुद्ध मोगली ठाणेदाराशी पत्रव्यवहार करतात, या कल्पनेने त्यांची झोप उडाली होती.

आणखी एक हौस त्यांना होती. आपली कीर्ती मागे उरावी म्हणून सरनाईक होताच त्यांनी हुकूम केला होता की, सदरेतच नव्हे, तर खलबतखान्यातही आपण जे बोलू ते चिटणिसाने शब्द न् शब्द रोजनाम्यात उतरवावे. तेव्हापासून राघो अनंत खलबतखान्याच्या कोपऱ्यात बसून लिहीत. कागदाचे बंद एकाखाली एक खळीने चिकटवायचे, माथ्यावर ‘श्री’ घालायची, जोडावर मागून शिक्का उठवायचा, आणि गुंडाळी दफ्तरात ठेवायची. पहिले काही महिने रायाजीराव त्यांच्याकडे पाहून, तोलून बोलत. पुढे कोपऱ्यातल्या समईची सवय व्हावी तशी त्यांना चिटणिसांची सवय झाली, आणि मग ते मनातले बोलू लागले.

अष्टमीच्या सकाळी त्यांनी आपल्या खास फौजेचा, हुजुरातीचा, नाईक सटवोजी याला बोलावले होते.

“नाईक, खेमजी आपले गुप्त कागद देवघरात देवांच्या मागे ठेवतात अशी खबर आहे. दसऱ्याला भरदुपारी सारा गाव सीमोल्लंघनास जाईल, वाड्यात चिटपाखरू नसेल. चार माणसे घेऊन जा आणि ते कागद आम्हांस आणून द्या.”

“देवघरात, धनी?” सटवोजीने चाचरत विचारले.

“आमचा हुकूम आहे.”

सटवोजीने मुजरा केला. राघो अनंतांनी ते सारे लिहिले, कारण लिहिणे हेच त्यांचे काम होते.

दसऱ्याला दुपारी सटवोजी आणि त्याचे चार शिलेदार खेमजींच्या वाड्यात मागच्या भिंतीवरून उतरले. अंगाला माती लागू न देता, कडी न वाजवता, अगदी पाच मांजरे शिरावी तसे शिरले. आणि मग देवघराच्या उंबऱ्याशी त्या पाचही धीट माणसांनी तेच केले, जे त्यांच्या आयांनी त्यांना लहानपणापासून शिकवले होते: पायांतले चढाव काढून भिंतीशी ओळीने मांडले. देवघरात पायताण घालून कसे जायचे! आत त्यांनी देव हलवले, हलवण्याआधी नमस्कार केला, मागचे कागद उचकले. त्यांत मोगली ठाणेदार नव्हता; खेमजींच्या धाकट्या लेकीच्या लग्नासाठी आलेली टिपणे होती. तेवढ्यात पायाला लचक भरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतलेले खेमजींचे कारभारी वाड्यात आले, आणि त्यांना देवघराबाहेर हुजुरातीच्या लाल शिवणीच्या चढावांचे पाच जोड दिसले. त्यांनी गुपचूप दाराला बाहेरून कडी घातली आणि माणसे गोळा केली.

एकादशीच्या सकाळी रायाजीरावांनी राघो अनंतांना खलबतखान्यात बोलावून दार लावून घेतले.

“चिटणीस, अष्टमीच्या रोजनाम्यात काय काय आले आहे?”

“जे बोलणे झाले ते, श्रीमंत.”

“सगळे?”

“सगळे. चार बंद भरले. हुकूमच तसा होता.”

रायाजीरावांनी खिडकीही लावून घेतली. मग वळून, अगदी मायेच्या सुरात म्हणाले, “आम्ही जे विसरलो, ते तुम्ही का लक्षात ठेवावे? ते चार बंद काढा, पुढचे जोडून घ्या, जोडावर शिक्का उठवा. शिक्का तुमच्याच हाती आहे. काढलेला कागद जाळा. सटवोजीची काळजी नको, त्याला आम्ही सोडवून घेऊ. आणि हेही ध्यानात असू द्या की तुमच्या थोरल्या चिरंजिवांना कोंडपेठेच्या सबनिशीची जागा द्यायचे आमच्या मनात आहे.”

राघो अनंतांनी नाही म्हणायला हवे होते. ते म्हणाले, “जशी आज्ञा.”

त्यांनी स्वतःच्या हाताने कातर चालवली. रायाजीरावांनी कागद फाटू नये म्हणून दुसरे टोक धरले होते. खळ लावली, जोड दाबला, शिक्का उठवला. काम इतके सफाईदार झाले की क्षणभर त्यांना त्याचे कौतुकही वाटले, आणि लगेच स्वतःची शिसारी आली. कापलेले बंद जाळण्यासाठी त्यांनी घरी चुलीपाशी नेले. पण प्रत्येकाच्या माथ्यावर ‘श्री’ होती. ‘श्री’ घातलेला कागद चिटणिसाने जाळायचा नसतो, नदीला द्यायचा असतो. त्यांनी तो रुमालात बांधून कमरेला खोवला. सवड काढून नदीवर जाऊ म्हणाले.

द्वादशीस सदर भरली. शिक्के-कट्यार देण्यासाठी जमलेले देशमुख आता न्यायाला बसले होते. अग्रभागी वयोवृद्ध अमृतराव देशमुख, डावीकडे संतापाने काळेनिळे पडलेले खेमजी. मध्यभागी ते पाच शिलेदार अनवाणी उभे होते.

“नाईक,” अमृतरावांनी विचारले, “तुम्हांस कोणी पाठवले?”

“कुणी न्हाई. माज्या मनानं गेलो.”

मग रायाजीराव उठले. त्यांनी शपथेसाठी गडदेवतेचा बेलभंडारा मागवला, तो दोन्ही हातांत उचलला, आणि भरल्या आवाजात म्हणाले, “या अघोर कृत्याची आम्हांस वार्ताही नव्हती. आमच्या माणसांनी आमच्या नावाला काळोखी फासली. रोजनामा आणवा, आमचे शब्द त्यात आहेत.”

रोजनामा आला. राघो अनंत वाचू लागले. सप्तमी वाचली. अष्टमीला नवरात्राच्या होमाची तयारी, पागेचा दाणा, एवढेच होते. मग नवमी.

“चिटणीस,” अमृतराव म्हणाले, “अष्टमीस एवढेच बोलणे झाले?”

सटवोजीने मान वर केली. अष्टमीला त्या दालनात तीन माणसे होती, आणि त्यांतला एक आत्ता वाचत होता, हे त्याला चांगले आठवत होते. त्याच्या नजरेत राग नव्हता. सोबतीने निघालेल्या माणसाकडे पाहावे तसा तो पाहत होता.

“एवढेच,” राघो अनंत म्हणाले.

देशमुखांनी माना डोलावल्या. चिटणिसांचा कागद, पुढे काय विचारायचे? देवघर फोडल्याबद्दल उजवा हात तोडण्याची शिक्षा ठरली. नाइकाची आज, बाकीच्या चौघांना उद्या सकाळपर्यंत मुदत, पाठवणाऱ्याचे नाव सांगितले तर त्यांचे हात वाचतील. चौघांनी सटवोजीकडे पाहिले, आणि सटवोजीने मान हलवून नको म्हटले. धनी सोडवतील, शेवटच्या क्षणी तरी सोडवतील, असे त्याला वाटत होते.

निवाड्याच्या कागदावर सरनाईकांची निशाणी लागत असे. रायाजीरावांनी ती केली. त्यांचा हात थरथरला हे राघो अनंतांनी पाहिले. पण निशाणी पुरी झाली.

ढालकाठीजवळ ते उरकले. सटवोजी ओरडला नाही, एकदाच ‘आई’ म्हणाला. राघो अनंत सदरेच्या खांबाआड उभे होते. दोन पावले पुढे टाकून एक वाक्य बोलायचे होते. त्या दोन पावलांत त्यांना मुलाची सबनिशी दिसली, म्हातारपण दिसले, छत्तीस वर्षांचे नाव दिसले. ते जागचे हलले नाहीत. घरी गेल्यावर अंगरखा काढताना कमरेचा रुमाल सुटून खाली पडला. अक्षरे जाळायला आपला हात धजावला नाही आणि जित्या माणसाचा हात तुटताना मात्र आपण पाहत राहिलो, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि ते जमिनीवर बसले ते उठेनातच. मरणाची लाज वाटणे म्हणजे काय ते त्यांना साठाव्या वर्षी कळले.

त्रयोदशीच्या सकाळी चौघांना बाहेर आणले. त्यांतला एक मोठ्याने रडत होता. अमृतरावांनी शेवटचे विचारले, चौघे गप्प राहिले, आणि मानकऱ्याने दंडवाल्याला खूण करण्यासाठी हात उचलला, तोच राघो अनंत चिटणीस सदरेच्या मधोमध येऊन उभे राहिले. डोक्यावर पगडी नव्हती.

“थांबावे! मी काल सभेपुढे खोटे बोललो.”

त्यांनी रुमाल सोडला आणि चार बंद अमृतरावांसमोर ठेवले. “हा अष्टमीचा कागद. मीच लिहिला, मीच कापला, जोडावर शिक्का मीच उठवला. हुकूम कोणाचा होता ते आत आहे.”

“चिटणिसांचे चित्त ठिकाणावर नाही,” रायाजीराव उठत म्हणाले. “यांना कोणी तरी घरी न्या.”

“चित्त काल ठिकाणावर नव्हते, श्रीमंत.”

“छत्तीस वर्षे अन्न कोणाचे खाल्ले, चिटणीस?”

“या सदरेचे. आणि सटवोजी नाइकानेही तेच खाल्ले. त्याने काल त्याची किंमत मोजली, मी मोजली नाही. मला दंड व्हावा. या पोरांचे हात राहू द्यावेत.”

रायाजीरावांनी तलवारीच्या मुठीला हात घातला. पण सभोवार उभ्या असलेल्या हुजुरातीच्या शिलेदारांपैकी एकही हलला नाही. ते सारे त्या कागदाकडे पाहत होते. अमृतरावांनी बंद वाचले, हळू, प्रत्येक शब्द उच्चारून. ‘आमचा हुकूम आहे’ या शब्दांशी ते थांबले. काल उचललेल्या बेलभंडाऱ्याची हळद अजून बैठकीवर पडली होती. देशमुखांच्या माना खाली गेल्या. खेमजींनीसुद्धा मान खाली घातली. आपणच निवडलेल्या माणसाची अशी लाज वाटावी, हे रायाजीरावांच्या वैऱ्याच्याही कल्पनेपलीकडचे होते.

“पाच देशमुख तुमचेच होते, रायाजीराव,” अमृतराव थकल्या आवाजात म्हणाले. “न मागता मिळाले असते.”

रायाजीरावांनी शिक्के-कट्यार स्वतःच गादीवर ठेवली. कोजागरीच्या आत ते कुटुंबासह गड उतरून गेले. निरोप द्यायला कोणी दरवाजापर्यंत आले नाही. चौघे सुटले. अमृतराव सरनाईक झाले. राघो अनंतांना दंड करावा असे ठरत होते, पण सातही परगण्यांत त्यांच्या धैर्याचा इतका बोलबाला झाला की देशमुखांनी उलट त्यांना मानाचा शेला दिला. त्यांना तो नको होता. नको म्हणायचे तर का नको हे पुन्हा भर सदरेत सांगावे लागले असते, आणि तेवढे बळ त्यांच्यात उरले नव्हते. त्यांनी शेला घेतला. वाटेत भेटणारे लोक त्यांच्या पाया पडू लागले, तेव्हा ते आडवाटेने दफ्तरात जाऊ लागले.

मार्गशीर्षात एका सकाळी सटवोजी दफ्तरात आला. उजवी बाही कोपराशी गाठ मारून बांधलेली होती. राघो अनंत उठून उभे राहिले.

“नाईक, मी... एक दिवस आधी बोलायला हवे होते.”

“व्हय,” सटवोजी म्हणाला. मग खाली बसला. “एक कागद लिवायचा हाय. आईला. घाटाखाली ऱ्हाती, तिला ह्यातलं काय बी म्हाईत न्हाई. मी आता गावी जानार, कागद आधी पोचू दे. लिवा, उजवा हात मोगलांच्या झुंजीत गेला.”

“झुंज झालीच नाही, नाईक. आणि मी शपथ घेतली आहे, यापुढे खोटे अक्षर लिहायचे नाही.”

“झुंज न्हाई झाली, म्हून तर तुमच्याकडं आलो. गावचा कुलकर्नी वाचून दावील तिला. दुसऱ्या कुनी लिवलं तर तो इचारंल, कवा झाली झुंज? तुमचं अक्षर बघितलं की कुनी इचारत न्हाई.” सटवोजीने त्यांच्याकडे सरळ पाहिले. “देवघर फोडलं म्हून हात गेला, ह्ये आईला कसं सांगू? तुमी सांगाल?”

राघो अनंतांनी कागद घेतला. माथ्यावर ‘श्री’ घातली. मग त्यांनी झुंज लिहिली: खिंड लिहिली, धुके लिहिले, धन्याच्या आघाडीस राहून सटवोजी नाइकाने कशी शर्थ केली ते लिहिले. सटवोजीने ते वाचून घेतले, पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळला.

“बरं लिवलंय,” तो म्हणाला.

खाली निशाणी करायची होती. त्याच्या घराण्याची निशाणी कट्यारीची. त्याने डाव्या हाताने लेखणी धरून पाहिली, पण रेघ कागदाबाहेर गेली, तशी त्याने लेखणी परत दिली.

“तुमीच काढा. आई ती बोटं फिरवून बघती.”

राघो अनंतांनी नव्या कागदावर मजकूर पुन्हा उतरवला आणि खाली सटवोजीची कट्यार काढली, सुबक, ठसठशीत. रेघ काढताना त्यांचा हात जरासुद्धा कापला नाही, आणि आयुष्यात त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली ती याची.