तिसरी हाक

जपानमधल्या ओजिमातल्या त्या चौदा मजली इमारतीखाली, मंगळवारी सकाळी, एक तरुण स्वतःच्याच कचऱ्याच्या पिशवीसमोर उकिडवा बसला होता. पिशवीवर लाल स्टिकर होता. नियम चुकले, परत न्या!

फोनवर "हो गं आई, ठेवते" म्हणत उत्तरा खाली आली, तसा तो चटकन उठला.

"नमस्कार! आई कशी आहे? घरचे बरे? काम कसं चाललंय? तब्येत?"

"आपण... ओळखतो का एकमेकांना?"

"छे! मी सौमित्र. चौथ्या मजल्यावर नवीन आलोय. त्याआधी चार वर्षं टांझानियात होतो, कंपनीतर्फे. तिथं एवढी विचारपूस केल्याशिवाय केळीवालीशी भावसुद्धा करता येत नाही. काल इथल्या केअरटेकर मोरी-सानना असंच विचारलं, तर त्यांना वाटलं माझी काही तक्रार आहे. वही घेऊन धावत आले बिचारे!"

उत्तराला हसू आवरेना. दोन वर्षं ती या इमारतीत राहत होती. लिफ्टमध्ये माना लवायच्या, पण तब्येत कुणी विचारली नव्हती.

"बाटल्या वेगळ्या टाकायच्या असतात," ती म्हणाली आणि त्याची पिशवी उघडून बसली.

जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी. एकटीचा कचरा तो केवढा! पण उत्तरा तो पुरवून पुरवून दोन्ही दिवशी नेऊ लागली. कधी नुसत्या संत्र्याच्या साली. आणि तो काहीतरी किस्सा घेऊन उभाच असायचा.

"तिथं बेल नसते," एकदा त्यानं सांगितलं. "दाराबाहेरून 'होडी' अशी हाक द्यायची. आतून 'करीबू' आलं, म्हणजे 'या', तरच आत जायचं. मी पुण्याचा! दार उघडेपर्यंत सोडतोय होय? नऊ हाका मारल्या. शेवटी आमच्या साहेबांच्या बायको ओल्या केसांनी बाहेर आल्या. म्हणाल्या, तीन हाकांना उत्तर नाही, म्हणजे निमूट परत जायचं असतं, बाळा!"

ती पोट धरून हसली. तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला... आणि तिचे कान तापले.

मग नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तिनंच विषय काढला.

"माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. दोन वर्षं वाढवायचं की पुण्याला जायचं, ते शुक्रवारी ऑफिसात फुजिता-सानना सांगायचंय."

त्यानं पिशवीची गाठ पुन्हा आवळली. मग हसून म्हणाला, "दार-ए-सलामला माझा निरोप समारंभ तीन दिवस चालला होता. माहितीये, तिसऱ्या दिवशी—"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा किस्साच करायचा असतो का हो?"

पिशवी ठेवून ती तडक वर निघून गेली. लिफ्टमध्ये तिला रडू आलं. एका शब्दासाठी ती थांबली होती आणि तेवढाच त्यानं उच्चारला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी ती कुकर लावत होती. बेल वाजली नाही. दाराबाहेरून आवाज आला.

"होडी..."

तिनं गॅस बंद केला. बोलली मात्र नाही. राग अजून गेला नव्हता.

"होडी."

ती दाराशी आली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. जरा कळू दे त्यालाही! पण बाहेर नुसती शांतता. एकाएकी तिच्या लक्षात आलं. आता हा नऊ हाका मारणारा राहिला नव्हता.

"होडी," तिसरी हाक अगदी हळू आली.

 ती घाईनं कडी काढायला गेली तर कडीच अडकली... किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं तेव्हा तिची खात्रीच होती, बाहेर कुणी नसणार.

तो तिथंच उभा होता. हातात संत्र्यांची पिशवी.

"तीन हाकांनंतर... जायचं असतं ना?"

"असतं. पाय निघेनात." त्यानं पिशवी खाली ठेवली. "परवा घाबरलो, उत्तरा. घाबरलो की मी किस्से सांगतो. आज नाही सांगणार. तू जाऊ नकोस. माझ्यासाठी थांब."

तिचे डोळे भरून आले. फुजिता-सानना काय सांगायचं ते ठरलं होतं.

"घरचे कसे आहेत?" तिनं विचारलं. "काम कसं चाललंय? तब्येत?"

"तब्येत... तुझ्या हातात आहे."

"करीबू," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "ये ना आत."