आजोबांचे दात आणि चिंगीचं कुलूप

"आकडे लक्षात कसे राहतात हो तुमच्या?"

प्रश्न अगदी साधा होता. विचारणाऱ्याच्या केसांवर, भुवयांवर पांढरी पूड बसलेली. दातांच्या लॅबमध्ये नुकताच लागलेला पॉलिशवाला तो. आणि ज्याबद्दल विचारत होता ते लॉकरचं कुलूप चिंगीच्या हातात होतं — पोलादी, आकड्यांची गोल तबकडी फिरवून उघडायचं.

"त्यात काय एवढं? आधी उजवीकडे फिरवायचं, मग..." चिंगी म्हणाली, आणि थांबली. मग? मग काय?

झालं! इतकी वर्षं रोज सकाळी, डोळ्यांवर झोप असताना, तिचा हात ते कुलूप आपलं आपण उघडत आला होता. डोक्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारलं, तर डोकं कोरं करकरीत.

आणि लॉकरमध्ये काय होतं? आजोबांची नवी कवळी!

संध्याकाळी ताईचं लग्न. आईबाबांच्या माघारी दोघी नातींना आजोबांनीच वाढवलेलं. त्यांची जुनी कवळी ऐन वेळी बेसिनमध्ये पडून दुभंगली आणि त्यांनी जाहीर केलं, "असलं बोळकं घेऊन मी लग्नाला येणार नाही." ताई म्हणाली, "मग मीही बोहल्यावर उभी राहणार नाही." दोघंही एका माळेचे मणी. शेवटी चिंगीनंच जागून नवी कवळी बनवली. बाहेर फळीवर ठेवली असती, तर बाकीच्या मालाबरोबर एखाद्या दवाखान्यात गेली असती. मागे एका शिक्षिकेचे दात एका पहिलवानाला गेले होते! म्हणून तिनं ती लॉकरमध्ये ठेवली. अगदी सुरक्षित. आता बोला!

लॅबमधले बाकीचे अर्धा दिवस करून निघून गेलेले. पॉलिशवाल्यानं कापायच्या यंत्राला नवी चकती लावली. दातांसाठीची नाजूक चकती ती, पोलादाला टेकताच काडकन मोडली. दुसरीही मोडली. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, याला चावीच नाही, मी काय करू?"

"चूक माझी," पॉलिशवाला म्हणाला. "मीच नको ते विचारलं. एक करू या. तुम्ही कुलूप खाली ओढून धरा, मी तबकडी फिरवतो. आकडा जवळ आला की अडखळते म्हणे."

चिंगीनं कुलूप ओढून धरलं. त्यानं डोकं खाली घातलं. इतकं जवळ, की त्याच्या पापण्यांवरची पूडसुद्धा तिला दिसत होती. साबणाचा मंद वास येत होता... तबकडी हळूहळू फिरत होती.

"अडखळली!" तो कुजबुजला.

"नाही हो... माझी बोटं थरथरली."

"का?"

"ओढून ओढून दुखतायत म्हणून!" ती फणकारली. पण कान तापले ते तापलेच.

मग त्यानं दुसरी युक्ती काढली. "आकडे तुमच्या हाताला ठाऊक आहेत. डोक्याला मधे येऊ देऊ नका. कुलपाकडे बघू नका, माझ्याकडे बघा आणि काहीतरी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मी कसा दिसतो ते सांगा."

"भुतासारखे."

"बरं झालं विचारलं. आणि पूड झटकल्यावर?"

चिंगीनं त्याच्याकडे पाहिलं... आणि तिचा हात जागच्या जागी थिजला. काय बाई ही युक्ती! असं बघत राहिल्यावर कुलूप काय, स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. ताई रडवेली झाली होती. "अगं, आजोबांनी आतून कडी लावून घेतलीय. म्हणतायत, 'मला वगळून उरका.' तू येतेयस की नाही?"

फोन ठेवला आणि चिंगीचा बांध फुटला. कुलूप हातात, तोंडाचा पट्टा सुरू.

"सगळं तुझ्यामुळे! कुणी सांगितलं होतं विचारायला? माझं सगळं नीट चाललं होतं. येते, कुलूप उघडते, कामाला बसते. तू आलास आणि माझं कशात लक्ष लागेना! दाढेच्या जागी सुळा बसवला परवा मी. कधी केलं नव्हतं असं! तुझं मशीन थांबलं की वाटतं, हा गेला की काय. आणि सुरू झालं की... की बरं वाटतं मला! आणि तू मात्र येतोस, गोड हसतोस, आणि विचारतोस काय, तर आकडे! दुसरं काही विचारायला नाही सुचलं तुला?"

खट्.

"उघडलं," तो अगदी हळू म्हणाला.

"मरू दे ते! मी... मी काय काय बोलले आता?"

"सगळं. माझंसुद्धा तुम्हीच बोललात." "आकडे हवेत कुणाला? मला... तुमच्याशी बोलायचं होतं. किती दिवस धीरच होत नव्हता."

चिंगीला हसावं की रडावं कळेना. तिनं लॉकरमधून कवळीची डबी काढून छातीशी धरली. "चल," एवढंच म्हणाली. आणि तो तसाच, अंगभर पुडीसकट, तिच्यामागून धावला.

घरी आजोबांच्या खोलीच्या दाराबाहेर ताई नटूनथटून डोळे पुसत उभी होती. चिंगीनं दार ठोठावलं. "आजोबा, मी आहे. दात आणलेत!"

दार बोटभर उघडलं, हात बाहेर आला, डबी आत गेली. आतून दातावर दात आपटून बघितल्याचा आवाज आला. मग दार सताड उघडलं. कोट घातलेले आजोबा, ताठ मानेनं. ताई त्यांच्या गळ्यातच पडली.

तिच्या खांद्यावरून त्यांची नजर मागे गेली. "चिंगे, हा पांढरा कोण?"

'कामावरचा आहे' — तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"माझा आहे, आजोबा."

आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग ते हसले, नव्या बत्तिशीच्या बत्तीस दातांनी. "मग दारात काय उभा केलायस त्याला? तोंड धुवायला पाणी दे, आणि फोटोत माझ्या शेजारी उभा कर."