लॉबीत पाय

भैरू पवारांशी माझी ओळख झाली ती त्यांना हिरवं कार्ड दाखवून.

खारघरला कॉलेजांच्या मुलींची कबड्डी चालू होती आणि मी पंच होते. त्यांच्या टीमची ईश्वरी चढाईला आली, कुणालाच न शिवता वळली, अन् तिची टाच पडली बाजूच्या लॉबीत. मी शिट्टी मारली. साधा नियम आहे, स्पर्श झाल्याशिवाय लॉबीत पाय ठेवला की बाद! पण त्यांचा चढाईचा कोच बाकावरून तावातावाने उठला.

“ओ मॅडम! रेषेच्या अलीकडे होती ती!”

“लॉबीच्या आत होती. बसा.”

“डोळे तपासून घ्या जरा!”

दाखवलं हिरवं कार्ड, ताकिदीचं. सगळं ग्राउंड हसलं, माझे कान तापले. मेला दिसायला मात्र... जाऊ दे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या वॉचमनचा घरी फोन. “मॅडम, कोई सर आए हैं. अंदर नहीं आ रहे.”

खाली आले तर हेच! पायरीखाली उभे, हातात पेरूंची पिशवी.

“व्हिडिओ पाहिला,” ते म्हणाले. “अकरा वेळा. टाच आतच होती. माफ करा. पेरू वाशी मार्केटातले आहेत, वडील माथाडी आहेत तिथं.”

“बरं. मग आत या ना, बाहेर का उभे?”

“ही लॉबी आहे, मॅडम. स्पर्श झाल्याशिवाय पाय ठेवला तर बाद. आणखी एक कार्ड नको मला.”

मी इतक्या जोरात हसले की वॉचमनही हसला.

पायरीवर बसून पेरू खाता खाता सगळं कळलं. दिघ्यात वाढले, स्वतः चढाई करायचे, गुडघा गेला. मग न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात नोकरी, आणि पहाटे नावड्याच्या मैदानावर गावातल्या मुलींना फुकट शिकवणं. ईश्वरी तिथलीच. नंतर एक शाळा, मग हे कॉलेज. तेही ‘चढाईचा असिस्टंट’ म्हणून, अकरा महिन्यांच्या करारावर.

“प्राचार्य म्हणालेत, यंदा कप आणा, मुख्य कोच करतो, कायमचा. नाहीतर एप्रिलपासून परत यार्ड.”

“आणि तुम्हाला काय हवंय?”

“मला...” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पटकन पिशवीत पाहिलं. “हा खा, हा गोड निघेल.”

त्यानंतर दर रविवारी पायरी, दर रविवारी पेरू. आई गॅलरीतून ओरडायची, “क्रांते, त्या माणसाला एकदा आत तरी घे, पायरी झिजेल!” पण ते येत नव्हते आणि मी बोलावत नव्हते. ग्राउंडवर पापणी लवायच्या आत निर्णय देणारी मी... हा एक निर्णय काही होईना.

मग फायनलची यादी लागली. मुलींची फायनल, पंच म्हणून माझं नाव. सहा वर्षं वाट पाहिली होती त्याची! आणि समोर कोण? त्यांचंच कॉलेज.

मी फॉर्म भरला आणि आमच्या पंचप्रमुख सुचिता मॅडमना दिला. “माझं नाव काढा.”

त्यांनी कारण वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “अगं बाई!” आणि मला मुलांची फायनल देऊन टाकली.

मुलींच्या फायनलला मला प्रेक्षकांत बसलेली पाहून भैरूसरांचा चेहरा उतरला. धावत आले. “तुम्ही का नाही उभ्या? माझ्यावर एवढा राग?”

“आधी मॅच जिंका. मग सांगते.”

शेवटची चढाई, गुण बरोबरीत. ईश्वरी गेली. कोपऱ्यातल्या मुलीच्या बोटांना तिने हलकेच पाय लावला. दोघी तिच्यावर झेपावल्या, आणि पोरगी सरळ लॉबीत घुसली! टाच पार आत... आणि तिथूनच मध्यरेषेपार!

“शिवलं होतं! आधी शिवलं, मग लॉबी!” मी खुर्चीवर चढून ओरडत होते. मी, पंच!

सरपंचांनी, म्हणजे मॅचच्या मुख्य पंचांनी, हात वर केला. गुण! कप आला! प्राचार्यांनी सगळ्यांसमोर मिठी मारली. “पवार, मुख्य कोच तुम्हीच!” आणि हा एवढा आडदांड माणूस ईश्वरीच्या खांद्यावर हात ठेवून हमसून हमसून रडला. माझेही डोळे भरले.

मुलांची फायनल झोकात पार पाडून घरी आले, तर स्वारी पायरीखाली हजर.

“आता सांगा. नाव का काढलंत?”

“नियमच आहे. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं — ‘प्रशिक्षकाशी जवळचं नातं’.”

“पण नातं तर अजून...”

“खोटं लिहिलं तर माझ्यावर कारवाई होते, सर. आता बघा बुवा, तुम्हीच काय ते.”

अख्खं ग्राउंड दणाणून सोडणाऱ्या माणसाने चढाईला निघाल्यासारखा खोल श्वास घेतला.

“दम तुटला की बाद हं,” मी म्हणाले.

“क्रांती, तू मला फार आवडतेस, माझ्याशी लग्न करशील?” एका दमात!

मी पायरीवरून हात पुढे केला. त्यांनी तो धरला. खरखरीत, गरम हात.

“झाला स्पर्श,” मी म्हणाले. “आता ये आत.”

वर गॅलरीत आईने टाळी वाजवली. आणि माझा भैरू, नव्या नवरीसारखा, उजवा पाय आधी टाकून लॉबीत आला.