बोटीवर ठोकलेला शड्डू

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल हसावं. पण हसण्याआधी गडमुडशिंगीला यावं आणि ऋतुराजची मान बघावी.

आणि हो, अमावस्या, मध्यरात्र, पिंपळ असलं काही शोधत बसू नका. भर दुपार होती. साल २००६, महिना डिसेंबर. जागा... मुंबईहून गोव्याला निघालेली भलीमोठी बोट.

बाळासो म्हणजे माझे सख्खे मामा. हे त्यांच्यावर गुदरलं.

मामा एकेकाळचे नावाजलेले पैलवान. पार बेळगावपर्यंत मैदानं मारलेली. त्यांच्या पाठीला कधी माती लागली नाही. कुस्त्या बरोबरीत सुटल्या, पण चितपट कधीच नाही. साठी उलटली तरी गावात हीच ओळख, आणि त्यांनाही हीच प्यारी. "पोरापेक्षा पाठ लाडकी ह्यांची," असं मामी चिडून म्हणायची.

पोरगा एकच, ऋतुराज. पशुखाद्याचा डीलर. कंपनीनं सगळ्या डीलरांना बोटीची सहल दिली होती. बायको अनुजाचे दिवस भरत आलेले, म्हणून तो मामांना घेऊन गेला.

शिवानी नावाची पुण्याची मुलगी सगळ्यांना बोट दाखवत होती. आधी थिएटर, मग जुगाराची टेबलं, मग गच्चीवरचा पोहायचा तलाव.

"भवतीनं समुद्र, आन् वर आनि तळं? डोस्कं फिरलंय काय ह्यांचं?" मामा म्हणाले.

सगळे खो खो हसले.

जेवणाच्या हॉलमध्ये आईस्क्रीम दिसलं आणि बाकीची मंडळी तिथंच अडकली. मामा, ऋतुराज आणि शिवानी तेवढे जिममध्ये आले.

जिम रिकामी होती. भिंतभर आरसा. धावायच्या पट्ट्यांची यंत्रं. मधोमध निळी गादी.

"तालीम हाय व्हय ही? मारुती न्हाय, माती न्हाय. त्वांड बघाय आरसं तेवढं लावल्यात!"

"आबा, हळू बोला की."

मामांनी चपला काढल्या. गादीवर चढले. आणि गंमत म्हणून, नुसती गंमत म्हणून, मांडीवर शड्डू ठोकला.

इथंच चुकलं.

समोर जोड, म्हणजे लढायला गडी, नसताना कुस्तीच्या हौदात शड्डू ठोकायचा नाही, हे आमच्या तालमींत पोराला पहिल्या दिवशी सांगतात. शड्डू म्हणजे आव्हान. ज्याच्या कानावर पडेल त्यानं उतरावं. मामांचे वस्ताद असते तर त्यांनी थोबाड फोडलं असतं. पण मामांना वाटलं, ही कसली तालीम आणि इथं कोण ऐकतंय...

आणि मग...

आरशाच्या मागून शड्डू आला.

जड. ओला.

"पल्याड कोन हाय गं पोरी?"

शिवानी हसली. "पलीकडे काही नाही काका. बोट संपली तिथे. बाहेर समुद्र."

परत शड्डू. ह्या वेळी... आरशाच्या अलीकडं.

शिवानीचं हसू मावळलं. ती माणसं बोलवायला पळाली. तिच्या मागं दार आपसूक लागलं.

गादी एका जागी दबली. पावलाएवढी. मग दुसऱ्या जागी. मग अगदी मामांच्या पुढ्यात.

एका गार हातानं मामांचा हात धरला. मैदानात कुस्तीआधी धरतात, तसाच.

हात मिळाला. कुस्ती लागली.

दुसऱ्याच क्षणी मामा उचलले गेले आणि आरशावर आदळले. काच खळ्ळकन फुटली. भुवई फाटली, डोळा रक्तानं भरला. पण मुरलेलं अंग ते! पडता पडता वळलं आणि पोटावर आलं. पाठ टेकली नाही.

मग पाठीवर गुडघा बसला.

कट्... बरगडी गेली.

कट्... दुसरी गेली.

काहीतरी त्यांना उताणं करायला बघत होतं. मामांनी नखं गादीत रुतवली. नखं उलटली, तरी सोडली नाहीत.

ऋतुराजला कुणीच दिसत नव्हतं. दिसत होता फक्त फरफटणारा बाप. तो धावला आणि बापाच्या पाठीवरच्या मोकळ्या जागेला त्यानं मिठी घातली.

मोकळी नव्हती ती... हाताला तेलकट, ओली पाठ लागली.

लागलेल्या कुस्तीत तिसऱ्यानं हात घालायचा नसतो. तो घातला गेला.

मामांच्या अंगावरचं वजन गेलं. आणि ऋतुराजचे पाय जमिनीवरून सुटले.

त्याला लोखंडी यंत्रावर आपटलं. एकदा. परत एकदा. खांदा निखळून हात लोंबायला लागला. कानातून रक्त आलं. मग त्याची मान फिरायला लागली... सावकाश... होल्डरमधून बल्ब फिरवून काढावा तशी.

"जोड माझी हाय! पोराला सोड!"

मान फिरतच होती. ऋतुराजच्या तोंडातून आवाज निघेना. डोळे मात्र बापाकडं.

मामा उठले नाहीत. त्यांनी गादीवर अंग टाकलं. उताणं. दोन्ही खांदे टेकवले. आणि जन्मात कधी काढला नव्हता तो शब्द काढला.

"हरलो... आरं हरलो मी! चितपट झालो, सोड त्याला!"

धप्पकन ऋतुराज खाली पडला.

मग मामांच्या छातीवर कुणीतरी बसलं. बराच वेळ बसून राहिलं. उठताना तोंडावर थुंकलं. थुंकी खारट होती.

मामा मला म्हणाले होते, "आपनहून पडल्याला गडी कुनालाच नको असतोय रं. त्याचं समाधान झाल्यालं न्हाय."

माणसांनी दार उघडलं तेव्हा आत दोघंच होते. यंत्रावरून पडले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

घरी आल्यावर अनुजाला मुलगी झाली. सगळं निवळलं, असं वाटत होतं. मग एका दुपारी ऋतुराज अंगणात बाजेवर बसला होता. मामा गोठ्यात शेण काढत होते. तेवढ्यात गोठ्यामागं...

शड्डू.

जड. ओला.

मामा बाहेर आले तर ऋतुराजची मान फिरायला लागलेली. मामांनी शेणाच्या हातांनी अंगणात लोळण घेतली आणि ओरडले, "हरलो!"

मान थांबली. पण सरळ झाली नाही, ती आजतागायत.

तेव्हापासून रोज दुपारी मामा अंगणात उताणे पडायचे. हरलो म्हणायचे. गाव फिदीफिदी हसायचं. ज्याची पाठ बघायला लोक तिकीट काढून यायचे, त्याला पोरंटोरं चिडवायला लागली. मामांनी कधी कुणाला कारण सांगितलं नाही. मला तेवढं एकदा सांगितलं, तेही रडत. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मामा गेले.

दिवसकार्य होईपर्यंत दुपारी काहीच झालं नाही. मला वाटलं, मामांबरोबर तेही गेलं. बरं वाटलं, खरं सांगतो.

आज तेराव्याला जेवणं उरकून आम्ही घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. ऋतुराजची पोरगी अंगणात खेळत होती. तीन वर्षांची पण नाही अजून. तिनं आजोबाला रोज बघितलेलं. ती त्याच जागी गेली, उताणी झोपली आणि हसत हसत म्हणाली, "हल्ले!"

"ऊठ गं बाळा, ऊन हाय तितं," अनुजा म्हणाली.

पोरगी उठली नाही. हसायची थांबली.

"आये... उठता येत न्हाय. बसलंय कोन तरी."

अनुजानं ओढलं, पोरगी हलली नाही. मी धावलो. ऋतुराज वाकड्या मानेनं धावला. तिघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कुठं ते एवढंसं पोर जमिनीवरून सुटलं.

उद्या दुपारी कुणी झोपायचं, ह्यावर घरात अजून कुणी बोललेलं नाही.