खुर्ची एक फरशी जवळ

हे वाचून हसायचं तर हसा. पण माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलंय हे. आणि दादा थापा मारणाऱ्यातला नाही. बेकरीत पाव भाजतो, बिचारा साधा माणूस.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरचं छोटं घर.

दादाची लेक मुंगी. चार वर्षांची. बाबाचा कान चिमटीत धरून चोळल्याशिवाय तिला झोपच यायची नाही. अकरा-अकरा वाजायचे. वहिनी नर्स, ड्युटीवरून यायला बारा. आणि दादाला पहाटे चारला भट्टीवर हजर व्हायचं!

एकदा उभ्या उभ्या डुलकी लागली आणि तापलेल्या ट्रेवर हात टेकला. कोपरापर्यंत फोड.

मालक म्हणाला, "पुन्हा असं झालं तर कायमचा घरीच झोप."

मग मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. रोज आठला दूध, दात, एक गोष्ट, दिवा बंद. कान द्यायचा नाही. पलंगाशेजारी खुर्ची टाकून नुसतं बसायचं. दर तीन दिवसांनी खुर्ची एक फरशी दाराकडे सरकवायची. खुर्ची खोलीबाहेर गेली, की पोरगी एकटी झोपायला शिकली.

पहिले तीन दिवस मुंगीने घर डोक्यावर घेतलं. दादा काळजावर दगड ठेवून बसला.

चौथ्या रात्री खुर्ची एक फरशी मागे घेतली.

पहाटे कामाला निघताना बघतो तर...

खुर्ची पलंगाला टेकलेली.

"अगं, खुर्ची तू हलवलीस?"

"बारा वाजता जीव मुठीत धरून येते मी. तुमची फर्निचरं कधी नाचवू?"

असेल, आपणच सरकवली असेल, म्हणून दादाने सोडून दिलं.

सातव्या रात्री दोन फरश्या मागे. या वेळी खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूने गोल काढले.

पहाटे गोल जिथल्या तिथे होते.

खुर्ची नव्हती. ती पलंगापाशी...

आणि मुंगीचं रडणं बंद झालं होतं. पाच मिनिटांत गाढ.

"डॉक्टरीणबाईंच्या तोंडात साखर पडो!" वहिनी खूश.

दादाचा हातही बरा होत आला. पण आता त्याचाच डोळा लागेना.

दहाव्या रात्री तो खुर्ची घेऊन सरळ खोलीबाहेर आला. दार ओढून घेतलं. बाहेर बसला.

सगळं शांत.

मग आतून... खर्रर्र...

फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज.

खुर्ची तर त्याच्या बुडाखाली होती.

त्याने दार ढकललं.

मुंगी झोपलेली. उजवा हात पलंगाबाहेर. वर, हवेत. अंगठा आणि बोट चिमटीत. आणि ती हळूहळू चोळत होती...

हात खाली येईना. दादाने जोर लावून ओढला. हात गरम होता. ती दोन बोटं तेवढी बर्फासारखी गार.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक गेलं चुलीत. आठ वाजता दादा स्वतः तिच्याशेजारी आडवा झाला.

"मुंगे, आज मी झोपवतो तुला. धर कान."

तिने हात पुढे केला नाही. दादाच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. पलीकडे काहीच नव्हतं.

मग मोठ्या बाईसारखी म्हणाली, "थांब बाबा. विचारून सांगते."

आणि कूस बदलून झोपली.

त्याला आठ महिने झाले. त्यांनी घरही बदललं. मुंगी रोज आठला झोपते, कुरकुर नाही, काही नाही. लोक वहिनीला विचारतात, कशी लावली हो सवय? मी मागच्या आठवड्यात एक रात्र त्यांच्याकडे राहिलो. परत राहणार नाही.

दादा अजूनही रोज आठला तिच्याशेजारी पडतो. वाट बघत.

तिने अजून सांगितलेलं नाही.