टिपण्याचं वाकडं बोट

"काका, ऑपरेशनला तुमची हरकत नसेल तर मान डोलवा," टिपण्या अदबीने म्हणाला.

"अरे गाढवा!" आजोबा कडाडले. "त्याच्या मानेचंच ऑपरेशन आहे!"

टिपण्या हा इस्पितळातला यंत्रमानव. हुशार, पण अंगात नम्रता जरा जास्तच भरलेली. मल्लखांब शिकवताना पडून केतकीच्या बाबांच्या मानेचा मणका मोडला होता. मान फार हलली, तर मज्जारज्जू (मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारी नसांची दोरी) दुखावण्याची भीती होती. बाबा नुसतंच "हो" म्हणाले आणि हसले. केतकीला मात्र रडू आवरेना.

"आजोबा, भूल दिल्यावर श्वासासाठी घशात नळी घालतात ना? मग मान मागे करावीच लागेल!"

आजोबांनी आयुष्यभर भूल देण्याचंच काम केलेलं. त्यांनी रबरी नळीचा एक तुकडा वाकवला आणि पलीकडच्या टोकात शेंगदाणा अडकवला.

"दिसतो?"

"नाही." केतकीने नळी सरळ केली. "आता दिसला!"

"तोंडापासून श्वासनलिकेपर्यंत (फुप्फुसांकडे हवा नेणाऱ्या वाटेपर्यंत) असंच वळण असतं. नुसत्या डोळ्यांनी बघायचं, तर ते सरळ करावं लागतं. त्यात मान हलते. आता नळी पुन्हा वाकव."

टिपण्याने आपलं वाकडं बोट नळीत घातलं. बोटाच्या टोकाला कॅमेरा होता. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर शेंगदाणा झळकला.

"डोळाच वळणापलीकडे गेला!" केतकी ओरडली.

"हाच व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (कॅमेरा बसवलेली, घसा बघायची वाकडी पट्टी)," आजोबा म्हणाले. " सरळ बोटाने तूप निघत नाही, म्हणतात ना!"

"म्हणजे मान मुळीच हलणार नाही?"

"थोडी हलेल. खोटं कशाला सांगू? म्हणून एक जण डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवेल. टिपण्या हालचाल मोजेल, जास्त झाली की ओरडेल." आजोबा नळीचा तुकडा उगाचच वाकवत, सरळ करत राहिले. शेवटी त्यांचाच मुलगा होता तो.

"मी मोठी झाले ना, की मान तसूभरही न हलवणारं यंत्र बनवीन," केतकी म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरून ठेवला.

दुपारी टिपण्या ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आला. "नळी घालताना मान अगदी जराशी हलली. मला एकदाही ओरडावं लागलं नाही."

संध्याकाळी बाबांना जाग आली. टिपण्या पुढे सरसावला. "काका, बरं वाटत असेल तर मा..." आजोबांनी डोळे वटारले.

बाबांनी चादरीखालून हात काढला आणि बोट वाकडं करून केतकीला जवळ बोलावलं.