चंद्रावरची लेझीम आणि जास्तीचा ठोका

गाण्यांच्या दोन्ही तबकड्यांचा वेग एकशेचार, मग त्यांचे ठोके एकमेकांवर आदळतात कसे? मृण्मयी डोकं धरून बसली होती.

चंद्रावरच्या त्या खाणवस्तीत मूल म्हणून ती एकटीच. बाबा आठ-आठ दिवस खाणीत. बोलायला कोण, तर हवेचे नळ दुरुस्त करणारा यंत्रमानव खटपट्या! शेजारच्या वस्तीत मात्र नऊ मुलं होती. मागच्या रविवारी मृण्मयीने रेडिओवरून त्यांच्यासाठी लेझमीची गाणी लावली. एक तबकडी संपत आली की तिचं गाणं चालू असतानाच दुसरी सुरू करायची, म्हणजे नाच थांबत नाही. पण ठोके विस्कटले, मुलांचे पाय अडखळले, सगळी खो-खो हसली आणि रेडिओ बंद! मग आठवडाभर कुणी हाक मारली नाही. फार रडली बिचारी. तिनेच खूप विनवल्यावर मुलांनी आज पाच वाजता एकच संधी द्यायचं कबूल केलं होतं, शेवटची.

“लयवेग (एका मिनिटात पडणारे ठोके) काढलास कसा, मृण्मयीताई?” खटपट्याने विचारलं.

“दुसऱ्या तबकडीच्या पाकिटावर एकशेचार छापलंय. पहिलीचा मी मोजला. ठोका पडला की घड्याळ सुरू. पंधरा सेकंदांत सव्वीस ठोके. मिनिटात पंधरा सेकंद चारदा येतात, म्हणून सव्वीस चोक एकशेचार!”

“मोजून दाखव बघू.”

तिने पहिली तबकडी सुरू केली. ठोका पडला. मृण्मयीने घड्याळाची कळ दाबली आणि लेझमीच्या सवयीने म्हणाली, “एक!”

“थांब, थांब! तू जन्मलीस त्याच दिवशी एक वर्षाची होतीस का?”

“छे, काहीतरीच तुझं! तेव्हा शून्य... अय्या!”

“मग? घड्याळ सुरू झालं तेव्हा वेळ कुठे गेला होता? तो ठोका शून्य. पुढचा एक.”

तिने पुन्हा मोजलं. पंचवीसच! म्हणजे लयवेग शंभर. शंभराचे एकशेचार करायचे, तर पहिली तबकडी शेकडा चार जास्त वेगाने फिरवायला हवी. तिने वेगाची सरकपट्टी (तबकडी फिरण्याचा वेग कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) चारवर नेली. ठोके जुळले!

पाच वाजता तिने पहिली तबकडी लावली. एकावर दुसरं गाणं चढलं. रेडिओवर लेझमीची खणखण सुरू झाली. मग ती थांबली. मृण्मयीचा जीव टांगणीला लागला.

“ए मृण्मयी,” एक मुलगी धापा टाकत म्हणाली, “तिकडे एकटी काय करतेस गं? परवाच्या गाडीने इकडेच ये. तबकड्या आण, आम्हालाही गाण्याला गाणं जोडायला शिकव!”

मृण्मयी तबकड्या पाकिटात भरायला धावलीसुद्धा. रेडिओवर खटपट्याच ओरडला, “येतेय ती, येतेय!”